परक्या मनाचा शेजार : अमझेऱ्याची कथा आणि ललित वाचनाचे लाभ

मध्य प्रदेशात धार शहराच्या पश्चिमेला अमझेरा नावाचे जुने गाव आहे. तेथे अमका-झमका देवीचे मंदिर आहे. रुक्मिणी याच देवीच्या दर्शनाला आली होती आणि येथूनच श्रीकृष्णाने तिला रथात घेऊन नेले, अशी पंचक्रोशीतील लोकांची श्रद्धा आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूरही हाच मान सांगते. स्थळ कोणतेही मानले, तरी कथेच्या दृष्टीने एक प्रश्न उरतोच : वाटेवर उभ्या असलेल्या माणसाने त्या दिवशी काय पाहिले असते? विवाहाच्या आदल्या दिवशी पहाऱ्यात देवदर्शनाला आलेली राजकन्या, अचानक येऊन थांबलेला रथ आणि तिला घेऊन निघून जाणारा परका पुरुष. पाहणाऱ्याच्या लेखी ते अपहरणच होते.

भागवताच्या दशम स्कंधात मात्र वाचकाच्या हाती आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे रुक्मिणीचे पत्र. एका ब्राह्मणाकरवी पाठविलेला हा सात श्लोकांचा मजकूर तिचा स्वतःचा आहे. भावाने शिशुपालाशी ठरविलेला विवाह तिला मान्य नाही. आपण देवीच्या दर्शनाला बाहेर पडू तेव्हाच येऊन न्यावे, हा मार्गही तीच सुचविते. पत्र वाचताच त्याच प्रसंगाचा अर्थ पालटतो. बाहेरून जे हरण दिसते, ते आतून स्वयंवर असते. तेराव्या शतकातील महानुभाव कवी नरेंद्र आणि 1571 मध्ये काशीत ग्रंथ पूर्ण करणारे संत एकनाथ या दोघांच्याही काव्यांचे नाव ‘रुक्मिणीस्वयंवर’ असेच आहे. मराठी परंपरेने प्रसंगाला नाव दिले ते रुक्मिणीच्या बाजूने.

पुराणकथा हा श्रद्धेचा विषय आहे; तिला कादंबरी म्हणणे उचित नाही. तथापि आख्यान, कथा आणि कादंबरी यांच्यात एक सामर्थ्य समान आहे. घटना डोळ्यांना दिसते, पण तिच्यामागचे मन दिसत नाही. ते दाखविण्याचे काम गोष्ट करते. ललित वाचनाचा मनाला कोणता लाभ होतो, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी याच सामर्थ्यात आहे. अलीकडच्या दोन दशकांत मानसशास्त्राने हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. त्याचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, मात्र ते जितक्या ठामपणे सांगितले जातात तितके ठाम नाहीत. दोन्ही बाजू समजून घेण्यासाठी माळव्याच्या याच परिसरातील कथापरंपरा उपयोगी पडते.

धारमधील कथा आणि रंगांची परीक्षा

मराठीत ‘कादंबरी’ हा शब्द सातव्या शतकातील बाणभट्टाच्या गद्यकाव्याच्या नावावरून रूढ झाला. त्या कथेचा नायक चंद्रापीड हा उज्जयिनीचा राजपुत्र, म्हणजे माळव्याचाच. बाणभट्टानंतर सुमारे चार शतकांनी याच माळव्यात, धार येथे, परमार राजा भोज होऊन गेला. साहित्यशास्त्रावरील त्याचे ‘शृंगारप्रकाश’ आणि ‘सरस्वतीकंठाभरण’ हे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. त्याच्या नावावर असलेली ‘शृंगारमंजरीकथा’ त्या मानाने कमी परिचित आहे.

या ग्रंथात एक अनुभवी गणिका आपल्या मुलीला तेरा कथा सांगते. व्यवसायात पडणाऱ्या मुलीला माणसे ओळखता यावीत आणि तिची फसगत होऊ नये, हा त्यामागील हेतू. कथांमध्ये माणसाच्या प्रेमाचे प्रकार रंगद्रव्यांच्या नावांनी सांगितले आहेत : नीलीराग, मंजिष्ठाराग, कुसुंभराग, हरिद्राराग. हळदीचा रंग पटकन चढतो आणि उन्हात तितक्याच लवकर उडतो. कुसुंभाचा, म्हणजे करडईच्या फुलाचा, रंग उठून दिसतो. पण धुण्यात जातो. मंजिष्ठाचा रंग खुलतोही आणि टिकतोही. रंगाऱ्याच्या अनुभवातून मानवी स्वभावाचे हे वर्गीकरण आले आहे. ते नुसते पाठ करून उपयोग नव्हता, म्हणून प्रत्येक प्रकारासाठी गोष्ट आली. गोष्टीत माणूस बोलतो, वचन देतो, बदलतो, आणि ऐकणारीला त्याच्या बोलण्यामागचा रंग हळूहळू दिसू लागतो.

एक हजार वर्षांपूर्वी धारमध्ये गृहीत धरलेली ही गोष्ट आजच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे. माणसे ओळखण्याचा सराव कथेतून होतो का, आणि तो प्रत्यक्ष जीवनात उपयोगी पडतो का?

इतिहासाच्या नोंदी आणि मनाच्या नोंदी

अमझेऱ्याचे नाव इतिहासात येते ते 1857 च्या उठावामुळे. येथील राजे बख्तावरसिंह यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्यांना पकडून 10 फेब्रुवारी 1858 रोजी इंदूर येथे फाशी देण्यात आले आणि पुढे अमझेरा ग्वाल्हेर संस्थानाच्या ताब्यात गेले. सरकारी कागद अटक, शिक्षा आणि प्रदेशाची वाटणी नोंदवितात. त्या दिवसांत त्यांच्या घरातील स्त्रियांच्या मनात काय चालले होते, हे नोंदविण्यासाठी अशा कागदांत रकाना नसतो.

त्याच 1857 मध्ये बेळगावचे बाबा पद्मनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. तिचा विषय होता हिंदू विधवांची स्थिती. धर्मप्रसाराचा हेतू तिच्यात स्पष्ट दिसतो. तरीही मराठी कादंबरीने आपले पहिले पाऊल ज्यांचा आवाज सार्वजनिक जीवनात ऐकू येत नव्हता त्यांच्या दिशेने टाकले, ही लक्षणीय गोष्ट आहे.

या दिशेचा परिपाक हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत झाला. 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू ही विधवा आपली कहाणी स्वतः सांगते. त्या काळी साक्षरांत पुरुष बहुसंख्य होते. म्हणजे आठवड्यामागून आठवडा असंख्य पुरुष वाचकांनी एका स्त्रीच्या ‘मी’मध्ये राहून तिचे घर, सासर आणि केशवपनाची भीती अनुभवली. विधवांचे हाल त्यांना ठाऊक नव्हते असे नाही, कारण अशी स्त्री बहुतेक घरांत होती. ती रोज डोळ्यांसमोर असूनही तिच्या मनात प्रवेश नव्हता. तो कादंबरीने दिला.

पाश्चात्त्य जगातही असाच विचार मांडला गेला आहे. इतिहासकार लिन हंट यांनी 2007 मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, अठराव्या शतकातील पत्ररूप कादंबऱ्यांनी वाचकांना आपल्याहून वेगळ्या स्तरातील माणसांच्या अंतरंगाशी एकरूप व्हायला शिकविले आणि मानवी हक्कांच्या कल्पनेला अनुकूल मनोभूमी तयार झाली. याला सिद्ध नियम म्हणता येणार नाही. हा इतिहासाचा एक अन्वयार्थ आहे. पण पत्र वाचल्याने घटनेचा अर्थ बदलतो, हे रुक्मिणीची कथा जाणणाऱ्या वाचकाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

देवासमधील इंग्रज कादंबरीकार

धारप्रमाणेच देवास हेही पवारांचे संस्थान. एकाच नगरात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये आणि दोन राजे, अशी तेथील विलक्षण व्यवस्था होती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून देवासला राहिले. पहिल्या भारतभेटीनंतर सुरू केलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या कादंबरीची प्रकरणे त्यांनी सोबत आणली होती. पण देवासच्या मुक्कामात लेखन पुढे सरकले नाही. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ती पूर्ण केली. 1924 मध्ये प्रसिद्ध झालेली हीच ‘अ पॅसेज टू इंडिया’. तिच्या अखेरच्या भागातील कृष्णजन्माच्या उत्सवाला देवासच्या राजवाड्यात त्यांनी पाहिलेल्या गोकुळाष्टमीचा आधार आहे.

या कादंबरीचा कणा एका चुकीच्या आरोपावर उभा आहे. एका भारतीय डॉक्टरवर इंग्रज तरुणी आरोप करते आणि पुढे न्यायालयात तो मागे घेते. मधल्या काळात दोन्ही समाज एकमेकांच्या मनाविषयी आपापल्या सोयीचे अंदाज बांधून मोकळे होतात. गुहेत नेमके काय घडले, हे फॉर्स्टर वाचकालाही सांगत नाहीत. दुसऱ्याचे मन आपल्याला कळले, असे घाईने मानणे किती घातक असते याचा अनुभव वाचक स्वतः घेतो.

पुढे 1927 मध्ये केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानांतून फॉर्स्टर यांचे ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ हे पुस्तक तयार झाले. प्रत्यक्ष जीवनात आपण एकमेकांना बाह्य खुणांवरून केवळ अंदाजाने ओळखतो. कादंबरीतील पात्र मात्र लेखकाची इच्छा असेल तर वाचकाला आतून-बाहेरून पूर्ण कळू शकते, असा विचार त्यांनी त्यात मांडला. ललित साहित्याच्या मानसिक लाभाविषयी नंतर जे संशोधन झाले, त्याचे बीज या विचारात दिसते.

संशोधन काय सांगते?

समोरच्या माणसाचे विचार, हेतू आणि भावना यांचा अंदाज घेण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात ‘थिअरी ऑफ माइंड’ म्हणतात. ती मोजण्याची एक प्रचलित चाचणी अशी : माणसाच्या केवळ डोळ्यांचे छायाचित्र दाखवायचे आणि दिलेल्या शब्दांतून त्याची भावना ओळखायला सांगायची. टोरंटो विद्यापीठातील रेमंड मार, कीथ ओटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये असे दाखविले की, कथा-कादंबऱ्यांशी अधिक परिचय असलेली माणसे अशा चाचण्यांत सरस ठरतात. परंतु मुळातच इतरांच्या मनात रस असलेली माणसे कादंबऱ्यांकडे वळत असतील, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

म्हणून 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’मधील डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्तानो यांनी थेट प्रयोग केले. काही जणांना साहित्यिक कथांचे उतारे, तर इतरांना रंजक कथा किंवा माहितीपर लेख वाचायला दिले आणि लगेच चाचणी घेतली. साहित्यिक कथा वाचणारे पुढे राहिले. ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या या निष्कर्षाची जगभर चर्चा झाली. पुढे अन्य संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा मात्र तो परिणाम आढळला नाही. 2018 मध्ये नामांकित नियतकालिकांतील 21 सामाजिक प्रयोगांची मोठ्या प्रमाणावर फेरतपासणी झाली. त्यात न टिकलेल्या प्रयोगांत हाही होता.

याचा अर्थ वाचन निष्फळ आहे असा नाही. त्याच 2018 मध्ये डेव्हिड डोडेल-फेडर आणि डायना टमीर यांनी 14 प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. ललित वाचनाने इतरांची मने जाणण्याच्या क्षमतेत सुधारणा होते, पण ती लहान असते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. एका उताऱ्याने माणूस बदलत नाही. प्रयोगशाळेतील काही मिनिटांच्या वाचनातूनही थोडी सुधारणा दिसत असेल, तर अनेक वर्षांच्या वाचनाचा संस्कार याहून खोल असेल, ही अपेक्षा वाजवी आहे. ती प्रयोगाने सिद्ध करणे मात्र कठीण आहे.

दुसरा महत्त्वाचा धागा तल्लीनतेचा आहे. नेदरलँड्समधील बाल आणि वेल्टकांप यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कथेत भावनिकदृष्ट्या गुंतून गेलेल्या वाचकांची सहवेदना आठवड्यानंतर वाढलेली आढळली. जे गुंतले नाहीत, त्यांच्यात तशी वाढ नव्हती. इटलीतील प्राथमिक शाळेच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात ‘हॅरी पॉटर’मधील भेदभावाच्या प्रसंगांचे वाचन आणि चर्चा केल्यावर स्थलांतरितांविषयीची अढी कमी झाली, पण ती हॅरीशी स्वतःला जोडून घेणाऱ्या मुलांमध्ये. डोळे ओळींवरून फिरणे आणि कथेत शिरणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

मेंदूविषयीचे दावेही जपून वाचले पाहिजेत. अमेरिकेतील एमोरी विद्यापीठात 21 विद्यार्थ्यांच्या मेंदूची 19 दिवस एमआरआय तपासणी करण्यात आली. त्यांपैकी नऊ दिवस ते रोज सायंकाळी एका कादंबरीचा भाग वाचत होते. भाषा आणि शरीरसंवेदना यांच्याशी संबंधित भागांतील जोडणीत बदल दिसले आणि त्यांतील काही वाचन संपल्यानंतरही टिकले. नमुना लहान होता आणि तुलनेसाठी न वाचणारा गट नव्हता, हे येथे लक्षात ठेवावे लागते. येल विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये 3,635 व्यक्तींच्या माहितीचा अभ्यास मांडला. पन्नाशी ओलांडलेल्या या व्यक्तींच्या 12 वर्षांच्या नोंदींत, पुस्तके वाचणाऱ्यांत मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांच्या तुलनेत 20 टक्के कमी आढळला. हा अभ्यास सर्व पुस्तकांविषयी आहे आणि निरीक्षणावर आधारलेला आहे. कादंबरी आयुष्य वाढविते, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

लाभ घडतो कसा?

कादंबरी वाचताना मन एकाच वेळी अनेक कामे करीत असते. कोणत्या पात्राला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, याचा हिशेब ठेवावा लागतो. रुक्मिणीने पत्र पाठविल्याचे वाचकाला कळलेले असते, रुक्मीला नाही. त्यामुळे त्याच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ वाचक दोन पातळ्यांवर लावतो. पन्नास पानांपूर्वीची खूण स्मरणात ठेवावी लागते. न सांगितलेले भरून काढावे लागते. अवधान, स्मृती, भाषा आणि कल्पना यांचा हा एकत्रित व्यायाम असतो आणि तो आनंदासाठी होत असल्याने थकवा जाणवत नाही.

दुसरे कारण सुरक्षित अंतराचे आहे. भारतीय साहित्यशास्त्रात याला साधारणीकरणाची संकल्पना आहे. पात्राचे दुःख वाचक अनुभवतो, पण ते त्याच्या खासगी लाभहानीपासून सुटलेले असते. यमूच्या दुःखाने डोळे भरून येतात, तरी वाचकाला स्वतःचा बचाव करावा लागत नाही. प्रत्यक्ष भांडणात जो मनुष्य दुसऱ्याची बाजू क्षणभरही ऐकून घेत नाही, तोच कादंबरीत तिच्याबरोबर तीनशे पाने चालतो.

मर्यादांचे भान

ललित वाचन हे औषध नव्हे. नैराश्य किंवा अन्य मानसिक आजारांत तज्ज्ञांचे उपचारच घ्यावे लागतात. पुस्तक सोबत देऊ शकते, उपचाराची जागा घेऊ शकत नाही. कथा पूर्वग्रह मोडू शकते तशी घडवूही शकते. एखाद्या समाजाला सतत खलनायक म्हणून रंगविणारे साहित्यही तल्लीन करते, आणि ती तल्लीनता विषारी ठरू शकते. पुस्तकातील पात्रासाठी अश्रू ढाळणारा वाचक घरातील मोलकरणीशी कठोर वागणार नाही, याचीही हमी नाही. पात्राला वेळ दिला तसा माणसालाही द्यावा, हा निर्णय वाचकाने स्वतः घ्यायचा असतो.

म्हणून विविधता महत्त्वाची. एकाच काळातील, एकाच जातीतील किंवा एकाच अनुभवातील लेखन वाचणारा वाचक परिचित अंगणातच फेऱ्या मारीत राहतो. आपल्याहून वेगळ्या माणसाच्या मुखातून सांगितलेली कथा, कालच्या पिढीची कादंबरी, अन्य भाषेतील अनुवाद यांनी कक्षा रुंदावते. रोज ठराविक वेळ, हातातील फोन दूर ठेवून, सलग वाचणे तल्लीनतेला पोषक ठरते. वाचून झाल्यावर पात्रांविषयी कोणाशी तरी बोलणेही तितकेच उपयुक्त. एकच प्रसंग दुसऱ्याने वेगळा वाचला, हे तेव्हाच कळते. मुलांना गोष्ट वाचून दाखविताना ‘पुढे काय झाले’ या प्रश्नाबरोबरच ‘तिला काय वाटले असेल’ हाही प्रश्न विचारावा.

गोव्याच्या वाचकाला यासाठी दूर जावे लागत नाही. 1832 मध्ये पोर्तुगीज काळात स्थापन झालेले पणजीचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आज कृष्णदास शामा यांचे नाव धारण करते. केळशीचे हे कवी सोळाव्या शतकात कृष्णकथा मराठीत सांगत होते. अमझेऱ्याच्या मंदिराशी जोडली गेलेली रुक्मिणी याच कृष्णकथेतील. तिचे पत्र द्वारकेपर्यंत पोहोचले नसते, तर त्या दिवशीचा रथ आलाच नसता. आणि ते वाचकापर्यंत पोहोचले नसते, तर तिला काय हवे होते हे कोणालाच कळले नसते.